वाइनच्या गल्लीतला कोरडा सिप्रू

सिप्रियन तुस्कानोचं नशीब त्याच्या आडनावात होतं. माणूस अस्सल वसईचा, केळीच्या वाडीत वाढलेला. पण 'तुस्कानो' म्हटलं की गोऱ्या साहेबाच्या डोळ्यांपुढे इटलीतल्या टस्कनीचे द्राक्षमळे उभे राहतात. वसईत म्हणाल तर हाक मारावी आणि चार तुस्कानोंनी वळून बघावं. त्यांतल्या निम्म्यांनी द्राक्षं पाहिली ती फळवाल्याच्या गाडीवर. पण हे साहेबाला सांगणार कोण? सिप्रूने तर नाहीच सांगितलं.

आमची ओळख दुबईच्या करामातली. चौऱ्याण्णव साली एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो. सिप्रूची कॉट वर, माझी खाली. तो एका हॉटेलच्या स्टोअर्समध्ये होता: कांदे, बटाटे, तेलाचे डबे, साबणाच्या वड्या. शुक्रवारी बाकीचे चौघे 'बसायचे'. सिप्रूही त्यांच्यात बसायचा, पण चण्याच्या बशीसमोर. चणे संपले की उठायचा. त्यामुळे त्याला कुणी पार्टीला बोलवायचं नाही, आणि बोलावलं तर आधी चणे लपवायचे.

न पिण्याचं कारण रोझ. रोझच्या वडिलांनी दारूपायी दोन वाड्या घालवल्या होत्या. तिने लग्नाआधी सिप्रूला फादरसमोर उभं केलं आणि सांगितलं, "ज्या घरात दारू, त्या घरात मी नाही. थेंब लागला तोंडाला तर मी माहेरी, आणि पुन्हा यायची नाही." सिप्रूने शपथ घेतली. शपथ घेणारे पुष्कळ पाहिलेत मी. पाळणारा हा एकच. लोकांना असल्या माणसाचा भारी आदर वाटतो, फक्त त्याच्या शेजारी बसावंसं वाटत नाही.

सहा वर्षांपूर्वी त्याच्या हॉटेल कंपनीला एक कल्पना सुचली. अबुधाबीहून रुवैसला जाताना वाळवंटात त्यांचं एक रिसॉर्ट आहे. तिथे त्यांनी ऑस्ट्रियातल्या खेड्यांत असते तशी वाइनची गल्ली बांधायची ठरवली. तिकडे म्हणे गावाबाहेर टेकडीत खणलेली तळघरं असतात, ओळीने. प्रत्येकाच्या तोंडाशी एक पांढरं बुटकं घर. त्यांत कुणी राहत नाही, चूल नाही, त्यामुळे धुराडं नाही. नुसती वाइनची पिंपं आणि दोन बाकडी. टेकडीच्या पोटात उन्हाळा-हिवाळा आपोआप गारवा असतो.

आपल्याकडे टेकडी सिमेंटची. गारवा आपोआप यावा म्हणून टेकडीमागे बसएवढा एसी प्लँट. घरं सहा, पण पाहुण्यांसाठी दार उघडतं एकाचंच. दुसऱ्या दारामागे हाउसकीपिंगच्या बादल्या, तिसऱ्यामागे फायर पंप, उरलेली तीन दारं भिंतीवर रंगवलेली. वर द्राक्षाचे वेल, तेही बारमाही; प्लास्टिकला ऋतू नसतो. ह्या सगळ्याला ब्रोशरमध्ये 'अस्सल ग्रामीण परंपरा' म्हटलं होतं.

आता गल्लीला गावकरी हवा. एचआरने कर्मचाऱ्यांची यादी काढली आणि तुस्कानो ह्या नावावर बोट ठेवलं. ऑस्ट्रिया कुठे आणि इटली कुठे, पण एचआरच्या लेखी सगळा युरोप एकच गाव. सिप्रूला चामड्याचा एप्रन दिला, पिसाची हिरवी टोपी दिली आणि कार्डावर छापलं: 'सेलर मास्टर'.

"अरे पण तू पीत नाहीस," मी म्हणालो.

"भाऊ, शपथ प्यायची नाही अशी आहे. ओतायची नाही अशी नाहीये."

वकील व्हायचा तो चुकून स्टोअरकीपर झाला होता.

त्या गल्लीचा रिवाज असा की यजमानाने पाहुण्याबरोबर पहिला घोट घ्यायचा. इकडे ड्युटीवर पिणाऱ्याची नोकरी जाते. मग एचआरने खास मेमो काढला: 'समारंभापुरता घोट, कमाल पंधरा मिली, गिळण्यास परवानगी.' सिप्रूने तो मेमो प्लास्टिकमध्ये घालून ठेवला आणि एकदाही वापरला नाही. तो ग्लास नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचा, ओठ टेकवायचा, आणि पाहुणा "चिअर्स" म्हणून मान वर करायचा तेवढ्यात मनगट वळवून वाइन दाराजवळच्या कुंडीत. त्या कुंडीत ऑलिव्हचं झाड होतं. सहा वर्षांत तीन ऑलिव्ह मेली. बागकामवाल्यांनी पाणी तपासलं, माती तपासली. झाडाचं लिव्हर तपासायचं कुणाला सुचलं नाही.

गंमत म्हणजे सिप्रू त्यात खरोखर तरबेज झाला. पंचवीस वर्षं गोदामात काढलेल्या माणसाला कुठल्या पोत्यात एक कांदा सडलाय ते दारातून कळतं. तेच नाक त्याने वाइनला लावलं. कुठली बाटली उन्हात राहिली, कुठलं बूच खराब, तो नुसत्या वासावरून सांगायचा. लोक पासष्ट दिरहमचा एकेक ग्लास घेऊन त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे.

आणि रोझला काय सांगितलं होतं? "स्टोअर्सलाच आहे. कांदे मोजतो."

सांगणार तरी कसा? इतक्या वर्षांत रोझ तिकडे वसईत दारूमुक्त कुटुंब मंडळाची अध्यक्ष झाली होती. नुसती नावापुरती नव्हे. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची आणि येणाऱ्या पुरुषाला म्हणायची, "तोंड उघड. हा कर." चांगले बाप्ये रस्ता बदलायचे. अशा बाईचा नवरा पिसाची टोपी घालून वाइन पाजतो हे कळलं तर काय, हा घोर सिप्रूला सहा वर्षं होता. मंडळाचं काय होईल ते होवो. "त्या घरात मी नाही" हे तिचं वाक्य तो विसरला नव्हता.

मला सगळं माहीत होतं. आणि मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही अशी ख्याती आहे, पण हसू नका. खरंच नाही सांगितलं.

गेल्या डिसेंबरात रोझवहिनी महिन्याच्या व्हिजिट व्हिसावर आल्या. सिप्रू स्टाफ अकोमोडेशनमध्ये, म्हणून त्या आमच्याकडे अबुधाबीत उतरल्या. दुसऱ्या दिवशी जेवताना माझी बायको विभावरी त्यांना मासे वाढत होती आणि मी केवळ संभाषण चालू राहावं म्हणून विचारलं, "काय वहिनी, सिप्रूचा टोपीतला फोटो बघितला का?"

"कसली टोपी?"

"कसली नाही, अशीच. ऊन असतं ना."

"भावजी, गोदामात ऊन असतं?"

विभावरीने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने भात कालवायला लागलो. रोझवहिनी शांतपणे जेवल्या, काटे नीट बाजूला ठेवले, हात धुतले आणि म्हणाल्या, "उद्या गाडी काढा. मला त्याचं स्टोअर बघायचंय."

मी गुपचूप सिप्रूला फोन लावला. सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "भाऊ, उद्याच? उद्या फ्रान्झ येतोय."

फ्रान्झ म्हणजे ज्याची वाइन ह्या गल्लीत विकली जायची तो ऑस्ट्रियातला खरा शेतकरी. वय ऐंशी. स्वतःची खरी गल्ली सोडून आमची सिमेंटची बघायला येत होता. त्याला पसंत पडली तर पुढचं कंत्राट, नाहीतर गल्ली खलास. सिप्रूचा मॅनेजर डेन्झिल, मुंबईचा पोरगा, त्याला बजावून गेला होता: "अंकल, उद्या तुमचं ते नोज-वालं नाटक नाही. तो डोळ्यांत बघून पितो. फुल ग्लास, बॉटम्स अप. नाहीतर बॅक टू स्टोअर्स म्हणायलाही जागा नाही, स्टोअर्स आउटसोर्स झालंय."

म्हणजे प्यायला तर बायको गेली, नाही प्यायला तर नोकरी गेली. आणि दोन्ही बघायला मी हजर. इतका चांगला योग माझ्या आयुष्यात फार कमी वेळा आलाय.

दोन तासांचा रस्ता. रोझवहिनी जपमाळ ओढत होत्या. विभावरी मात्र दोन्ही बाजूंची वाळू बघून "किती स्वच्छ!" म्हणत होती.

गल्लीच्या तोंडाशी रोझवहिनी उतरल्या. पांढरी घरं बघितली, पिंपं बघितली, प्लास्टिकची द्राक्षं बघितली, आणि सरळ उघड्या दारातून आत गेल्या. मी मागोमाग. असल्या वेळी माझे गुडघे दुखत नाहीत.

आत सिप्रू. एप्रन, टोपी, टोपीला पीस, हातात बाटली.

"हे काय?" रोझवहिनी म्हणाल्या.

"युनिफॉर्म."

"कांदे मोजायला पीस लागतं?"

"रोझ, देवाशपथ, मी थेंबसुद्धा..."

"तोंड उघड."

सिप्रूने उघडलं.

"हा कर."

त्याने केलं. अध्यक्षबाईंनी चवड्यांवर उभं राहून दोनदा वास घेतला. मग जरा नाराजीनेच म्हणाल्या, "तोंडाला नाही. कपड्यांना येतोय."

"कपडे पितात गं, मी नाही."

"टोपी काढ. जोकर दिसतोस." त्याने काढली. "तू प्यायला असतास ना, तर एका दिवसाचं भांडण होतं. मी बोलले असते, गेले असते, सुटले असते. तू सहा वर्षं रोज फोनवर मला कांद्याचे भाव सांगितलेस सिप्रू. मी ऐकत होते. मी म्हणायची, बिचारा, पाठ दुखत असेल पोती उचलून. बाम पाठवायची."

"बाम लावायचो मी."

"गप्प बस."

तेवढ्यात डेन्झिल धावत आला. "अंकल! झुपका कुठेय?"

आता हा झुपका काय ते सांगायला हवं. त्या ऑस्ट्रियातल्या गल्लीत पाट्या नसतात. ज्याची वाइन तयार झाली, विकायला आहे, तो दारावर पाइनच्या हिरव्या फांद्यांचा झुपका टांगतो. झुपका दिसला की या. उतरवला की बंद. मग सख्खा भाऊसुद्धा दार वाजवत नाही. आमच्या गल्लीत असा एक झुपका विमानाने मागवून टांगला होता. तो गेल्या वर्षीचा. वाळून खराट्यासारखा झालेला.

तो आता दारावर नव्हता.

"तो वाळका कचरा?" मागून विभावरी म्हणाली. "मी काढला. दसऱ्याचं तोरण असं दिवाळीनंतर ठेवतात का दारावर? अवदसा येते घरात. बाकड्यावर चढले आणि काढला. तो रफिक नावाचा मुलगा बादली घेऊन चालला होता, त्याच्याकडे दिला."

रफिककडे दिला म्हणजे तो आतापर्यंत कचऱ्याच्या मशिनीतून चपटा होऊन निघाला होता. डेन्झिल विभावरीला काही बोलू शकेना, कारण ती त्याच्या आईच्या वयाची होती आणि त्याच्याकडे 'बाळा, जेवलास का' अशा नजरेने बघत होती.

बाहेर फ्रान्झ आला होता. आणि बाहेरच बाकड्यावर बसला होता. जनरल मॅनेजर, दोन सुटातले गृहस्थ, एक फोटोग्राफर, सगळे त्याला "वेलकम, प्लीज, इनसाइड" करत होते, आणि तो मान हलवत होता.

"बंद आहे," फ्रान्झ मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "झुपका नाही."

"नो नो सर, ओपन! वी आर ओपन ट्वेंटी-फोर सेव्हन!" डेन्झिल म्हणाला आणि वरून प्लास्टिकचा वेल ओढून दारावर लावायला लागला. म्हाताऱ्याने त्या वेलाकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर आम्ही मराठी माणसं श्रीखंडात व्हॅनिला इसेन्स घालणाऱ्यासाठी राखून ठेवतो.

"झुपका उतरला म्हणजे घरात काहीतरी झालंय," फ्रान्झ म्हणाला. "मयत, आजारपण, नाहीतर भांडण. काय झालंय?"

"मेंटेनन्स, सर."

"फाइट," दारातून आवाज आला. रोझवहिनी. "आय ॲम हिज वाइफ. बिग फाइट."

जनरल मॅनेजरचा चेहरा वाळूच्या रंगाचा झाला. पण म्हातारा उठून उभा राहिला, टोपी काढली आणि सरकून बाकड्यावर जागा केली. रोझवहिनी बसल्या आणि त्यांनी सहा वर्षांचं सगळं, शाळेतल्या इंग्रजीत, बामसकट सांगितलं. फ्रान्झ मान डोलवत ऐकत होता. मधे एकदा म्हणाला, "माझ्या बायकोने एकदा अकरा दिवस झुपका उतरवला होता." कशासाठी ते विचारायला मी पुढे सरकलो, तर विभावरीने शर्ट धरला.

डेन्झिलच्या खुणा पाहून सिप्रू ट्रे घेऊन बाहेर आला. दोन ग्लास, काठोकाठ. फ्रान्झने एक उचलला, दुसरा सिप्रूच्या हातात दिला आणि त्याच्या डोळ्यांत बघत थांबला.

ऑलिव्हची कुंडी सिप्रूच्या डाव्या हाताला दीड फुटावर होती. सहा वर्षांची सवय. मनगट नुसतं वळायचा अवकाश. फोटोग्राफरने कॅमेरा वर केला. रोझवहिनी नवऱ्याकडे बघत होत्या, आणि त्यांनी दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरली होती.

सिप्रूने ग्लास बाकड्यावर ठेवला.

"सर, मी पीत नाही. कधीच प्यायलो नाही. सहा वर्षं तुमची वाइन ही झाडाची कुंडी पितेय." मग रोझकडे वळून मराठीत म्हणाला, "आता नोकरी गेली. उद्यापासून तू विचारशील ते खरंच सांगेन, कारण सांगण्यासारखं काही उरलंच नाही."

डेन्झिल खाली बसला. जमिनीवरच.

फ्रान्झ झाडाकडे बघत राहिला. "मग तुला कशी कळते?"

"नाकाने."

"ही सांग."

सिप्रूने बाकड्यावरचा ग्लास नाकाशी नेला. "ही बाटली बंदरातून येताना उन्हात राहिलीय. द्राक्ष चांगलं, पण शिजलंय. मी परवाच लिहून दिलं होतं ही पेटी पाहुण्यांना देऊ नका म्हणून. डेन्झिलने लेबल छान आहे म्हणून आज काढली."

फ्रान्झने घोट घेतला, तोंडात घोळवला आणि वाळूत थुंकला. मग जनरल मॅनेजरला म्हणाला, "हा माणूस इथेच राहणार. पिणारे सगळे मला सांगतात, फ्रान्झ, तुझी वाइन फार छान. पन्नास वर्षं हेच ऐकतोय. दुसरी पेटी उघडा."

जनरल मॅनेजर लगेच म्हणाला की सिप्रियनबद्दल आपलंही पहिल्यापासून हेच मत होतं.

दुसरी बाटली आली, सिप्रूच्या नाकाखालून पास झाली. पण फ्रान्झचा एक हट्ट राहिला. शेजाऱ्याच्या दारातून कोरडं जायचं नसतं. घरातल्या कुणीतरी त्याच्याबरोबर ग्लास घ्यायलाच हवा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घरातला नव्हतो, आणि मला गाडी चालवायची होती. त्या बाबतीत ह्या देशात विनोद चालत नाही.

"मी घरातलीच ना?" रोझवहिनी म्हणाल्या.

"रोझ!" सिप्रू ओरडला. "तू मंडळाची..."

"शपथ तू घेतली होतीस. मला कोणी घ्यायला लावली नव्हती." वकिली त्या घरात दोघांनाही येत होती. त्यांनी ग्लास घेतला, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघितलं आणि काढा प्यावा तसा एका दमात संपवला. तोंड वाकडं केलं. "आंबट. ह्याच्यापेक्षा नाताळात माझी आई मनुकांची करायची ती बरी."

"पासष्ट दिरहम," विभावरी माझ्या कानात म्हणाली. "म्हणजे पंधराशे रुपये! आंबट पाण्याचे!"

परत येताना पेट्रोल पंपावर चहाला थांबलो. रोझवहिनी माझ्याकडे वळल्या. "सहा वर्षं तुम्हाला माहीत होतं, भावजी."

"हो, पण मी कुणाला..."

"तुमचं तोंड सहा वर्षं बंद राहिलं. हा चमत्कार फादरना कळवायला हवा." मग फोन काढून त्यांनी सिप्रूला लावला. "नोकरी राहिली म्हणून मिटलं असं समजू नको. रविवारी मंडळाची मीटिंग आहे. तू झूमवर येऊन सगळं सांगायचं. मी पण सांगणार."

पलीकडून सिप्रूचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "तुला काढून टाकतील गं."

"टाकू देत. जिला स्वतःच्या नवऱ्याचं कळत नाही, ती गावाची तोंडं कशाला हुंगते?"

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, आणि मग बराच वेळ चहाच्या कागदी कपाकडे बघत राहिल्या. तेव्हा पहिल्यांदा मला आपण टोपीचा विषय काढला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं. पहिल्यांदा आणि थोडा वेळच.

रविवारी सकाळी साडेनऊला आमच्या हॉलमध्ये लॅपटॉप मांडला. तिकडे अकरा वाजलेले, रविवारची प्रार्थना, मिसा, सुटलेली. पडद्यावर चर्चच्या हॉलमधल्या तीसएक बाया. सिप्रू सुट्टी काढून आला होता, कॉलरचं बटण लावून. त्याने उभं राहून सगळं सांगितलं. बसायला सांगितलं तरी बसला नाही. मग रोझवहिनी म्हणाल्या, "आणि मी एक ग्लास घेतला. पूर्ण. राजीनामा देतेय."

तिकडे सगळ्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मागच्या रांगेतून फिलोमिना मावशी उठल्या. मंडळाच्या सर्वांत जुन्या सभासद.

"रोझ, तिथे न पिणाऱ्याला नोकरी देतात म्हणतेस?"

"म्हणजे... हो."

"मग माझ्या जॉर्जीला लाव ना तिकडे."

"जॉर्जी? अगं, तो सकाळपासून पितो!" दुसरी बाई ओरडली.

"म्हणूनच तर! सिप्रू बघ, वाइनच्या दुकानात राहून कसा कोरडा राहिला. जॉर्जी इथे कोरड्या घरात राहून ओला आहे. त्याला तिकडेच पाठवायला हवं!"

ह्या तर्कापुढे सगळा हॉल हलला. पाच मिनिटांत चार मुलगे, दोन जावई आणि एका बाईचा नवरा अशी सात नावं पुढे आली. राजीनाम्याचं काय ते पुढच्या मीटिंगला बघू असं ठरलं, आणि तोपर्यंत अर्ज कुणाकडे द्यायचे तर अध्यक्षांकडे. दारूमुक्त कुटुंब मंडळाने एकमताने वाइनच्या गल्लीत भरती काढलेली मी ह्या डोळ्यांनी पाहिली.

लॅपटॉप मिटल्यावर सिप्रूने कॉलरचं बटण सोडलं. "बघ, कोणी काही बोललं नाही."

"त्या नाही बोलल्या," रोझवहिनी म्हणाल्या. "मी अजून बोलायचीय. माझ्या व्हिसाचे तीन आठवडे बाकी आहेत. बस इथे. पहिल्या दिवसापासून सांग, एकही गोष्ट गाळायची नाही. मग मी ठरवीन, परतीच्या तिकिटाची तारीख अलीकडे घ्यायची की व्हिसा वाढवायचा."

सिप्रू बसला. त्याने खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली. "पहिल्या दिवशी," तो म्हणाला, "एचआरचा फोन आला..."

मी खुर्ची जरा जवळ ओढली. तेवढ्यात विभावरी आली, माझा दंड धरला, मला स्वयंपाकघरात नेलं आणि हॉलचं दार ओढून घेतलं. हातात वाटाण्याच्या शेंगांची परात दिली. मी तीन वेळा पाणी प्यायच्या निमित्ताने दाराशी जाऊन आलो. आत नुसता सिप्रूचा आवाज, मग दोघांचा, मग कुणाचाच नाही, आणि मग रोझवहिनींचं हसू की रडू ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोन तासांनी दार उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भावजी, व्हिसा वाढवायला कुठे जावं लागतं?"

आत काय बोलणं झालं ते दोघांनीही मला आजतागायत सांगितलेलं नाही. चाळीस वर्षांच्या माझ्या लौकिकाला एवढा मोठा बट्टा दुसरा नाही.